कोंडा, बुरशी आणि पेटंट क्रमांक ५,२५,८२३

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पाचक सिरपच्या बाटलीवरचा बारीक मजकूर कधी वाचला आहे का? बऱ्याच बाटल्यांवर ‘फंगल डायस्टेज’ असे शब्द असतात आणि त्यांच्यापुढे १:१२०० यासारखे एखादे गुणोत्तर. फंगल म्हणजे बुरशीपासून मिळवलेले. डायस्टेज म्हणजे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम. गुणोत्तराचा अर्थ असा की या भुकटीचा एक भाग ठरावीक परिस्थितीत बाराशे भाग पिष्ट पचवू शकतो. बुरशी आलेले अन्न टाकून द्यावे असे आपण वर्गात शिकवतो, आणि मेजवानीनंतर पोट जड झाले की बुरशीपासूनच काढलेले औषध दोन चमचे घेतो!

या औषधाच्या जन्माची नोंद एका सरकारी दप्तरात आहे. सप्टेंबर १८९४ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीने जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाला ५,२५,८२३ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता डायस्टेज विकर तयार करण्याची प्रक्रिया. सूक्ष्मजीवापासून मिळवलेल्या विकरासाठी अमेरिकेत दिलेले पहिले पेटंट म्हणून याचाच उल्लेख केला जातो. आज कपडे धुण्याच्या पावडरीपासून फळांच्या रसापर्यंत आणि चीजपासून कापडगिरणीपर्यंत विकरे वापरली जातात. त्या उद्योगाची एक मोठी वाट या पेटंटापासून निघते.

मला मात्र या पेटंटाचे कुतूहल वाटते ते निराळ्या कारणाने. ज्या बुरशीवर ते उभे होते, ती बुरशी जपानमधल्या प्रत्येक मद्य करणाऱ्याला आणि सोया सॉस करणाऱ्याला शेकडो वर्षे ठाऊक होती. मग ताकामिने यांनी नेमके काय शोधले? जे सर्वांचे होते, त्यातले किती एकट्याचे झाले?

उत्तराकडे जाण्याआधी थोडे रसायनशास्त्र पाहू. १८३३ साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायेन आणि झाँ-फ्रान्स्वा पर्सो या दोघांनी मोड आलेल्या बार्लीचा पाण्यातला अर्क घेतला आणि त्यात अल्कोहोल मिसळले. पांढरा साका खाली बसला. तो चिमूटभर घेतला तरी पिष्टाच्या मोठ्या घाण्याची शर्करा होत असे. या पदार्थाला त्यांनी ‘डायस्टेज’ हे नाव दिले. विकरांच्या नावांच्या शेवटी आज जो ‘एज’ येतो तो इथूनच आला. ‘एन्झाइम’ हा शब्द मात्र बराच नंतरचा, १८७७ च्या सुमाराचा आणि जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांचा.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. नाचणी भिजवून तिला चांगले मोड आणावेत, ती सावलीत वाळवावी, कुटून पाण्यात तासभर भिजत ठेवावी आणि वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्यावे. दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ, कोमट पेज घ्यावी. एकीत हे निवळ पाणी घालावे, दुसरीत तेच पाणी उकळून, गार करून घालावे. दर पाच मिनिटांनी दोन्हींतला एकेक थेंब बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. थेंब थंड होऊ द्यावा, कारण गरम पेजेत निळा रंग नीट दिसत नाही. एका नळीतला निळा रंग हळूहळू जांभळट, मग तांबूस होत नाहीसा होईल, तर उकळलेले पाणी घातलेल्या नळीत तो तसाच राहील. नाचणीचे सत्त्व लहान बाळाला का पचते, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नको.

धान्यापासून मद्य करायचे तर हेच रूपांतर आधी घडवावे लागते. यीस्टला शर्करा खाता येते, पिष्ट खाता येत नाही. युरोप-अमेरिकेत हे काम माल्टवर, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या बार्लीवर सोपवलेले होते. बार्ली भिजवायची, जमिनीवर पसरायची, वरचेवर उलथायची, वेळेवर वाळवायची. यात आठवड्याहून अधिक वेळ जाई, जागा लागे आणि माणसे लागत. मोड काढण्यात धान्यातला काही अंश खर्च होई तो वेगळाच.

जपानने निराळी वाट धरली होती. वाफवलेल्या तांदळावर एका बुरशीचे बीजाणू शिंपडायचे आणि तो तांदूळ उबदार, दमट खोलीत सुमारे दोन दिवस ठेवायचा. दाण्यांवर पांढरी लव येते आणि त्यांना गोडसर वास सुटतो. याला ‘कोजी’ म्हणतात. बुरशी स्वतःच्या अन्नासाठी विकरे बाहेर सोडते, पिष्टाची शर्करा करते, प्रथिनांचेही तुकडे करते. साके हे मद्य, मिसो आणि सोया सॉस या तिन्ही पदार्थांचा पाया कोजी हाच आहे. बीजाणू तयार करून विकणारी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

कोजीवरून हक्काचे भांडणही नवे नव्हते. पंधराव्या शतकात क्योतो शहरात कोजी तयार करण्याचा मक्ता कितानो देवस्थानाशी जोडलेल्या एका संघाकडे होता आणि शोगुनची त्याला मान्यता होती. साके करणाऱ्यांना हे मान्य नव्हते. १४४४ साली प्रकरण हातघाईवर आले, देवस्थानाचा काही भाग जळाला आणि मक्ता संपुष्टात आला. बुरशीच्या मक्तेदारीवरून आग लागण्याची ही हकिकत वाचकांनी लक्षात ठेवावी.

जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ सालचा, ताकाओका गावातला. वडील वैद्य होते, आई साके करणाऱ्या घराण्यातली. मुलगा कानाझावा येथे वाढला, लहानपणीच इंग्रजी शिकण्यासाठी नागासाकीला गेला, तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडला आणि सरकारी खर्चाने ग्लासगोला गेला. परत आल्यावर शेती व व्यापार खात्यात त्याला नोकरी मिळाली.

जपानचा पेटंट कायदा १८८५ चा. तो घडवण्यात पुढाकार होता ताकाहाशी कोरेकियो यांचा. तेच नवीन पेटंट कचेरीचे प्रमुख झाले (पुढे ते देशाचे पंतप्रधानही झाले). परदेशांतले पेटंट कायदे अभ्यासण्यासाठी ते प्रवासाला निघाले, तेव्हा कचेरीचा कारभार सांभाळण्याचे काम तरुण ताकामिने यांच्याकडे आले. म्हणजे पेटंट घेण्याआधी या माणसाने ते देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले होते. अर्जात काय लिहावे आणि काय लिहिले की तो फेटाळला जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या मते पुढच्या सगळ्या घटनांमागे या अनुभवाचा वाटा मोठा आहे, जरी त्यांच्या चरित्रांत त्यापेक्षा प्रेमविवाहाचीच चर्चा अधिक असते. तोही सांगून टाकतो. न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी ते १८८४ साली गेले असता कॅरोलिन हिच या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि १८८७ मध्ये दोघांनी लग्न केले.

१८९० साली ताकामिने कुटुंब अमेरिकेला गेले. कोजीच्या पद्धतीने व्हिस्की करून पाहण्यात तिथल्या व्हिस्की ट्रस्टला रस होता. या ट्रस्टचे कागदोपत्री नाव डिस्टिलर्स अँड कॅटल फीडर्स कंपनी. नावात गुरे कशी आली, असा प्रश्न पडेल. मद्य काढून उरलेला चोथा गुरांना घालून तेही विकायचे, असा तो जोडधंदा होता. अमेरिकेतल्या मद्यभट्ट्यांपैकी फार मोठा हिस्सा या एका संघटनेच्या ताब्यात होता आणि तिचे ठाणे होते इलिनॉय राज्यातले पिओरिया. मक्याचा प्रदेश, नदीकाठ आणि रेल्वे.

इथे ताकामिने यांनी जो बदल केला तो दिसायला किरकोळ आहे. त्यांनी बुरशी तांदळावर वाढवली नाही, गव्हाच्या कोंड्यावर वाढवली. पीठगिरण्यांत कोंड्याचे ढीग पडलेले असत आणि तो कवडीमोलाने मिळे. कोंडा वाफवला की सैल, फुगीर राहतो, त्यातून हवा खेळते आणि बुरशीला पसरायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. तांदूळ खर्ची पडत नाही, बार्ली लागत नाही, आणि दीड-दोन दिवसांत काम होते. माल्टच्या कोठारांची गरजच उरत नव्हती.

आणि तेच दुखणे ठरले. माल्ट करणाऱ्यांचा हा पिढीजात धंदा होता आणि त्यात अनेकांचे पैसे अडकलेले होते. एका परक्या माणसाने आणलेल्या बुरशीमुळे कोठारे ओस पडणार, अशी धास्ती पसरली. माल्टच्या कामगारांना नव्या पद्धतीत सामावून घेण्याची तयारी ताकामिने यांनी दाखवली होती, असे सांगतात. ज्या भट्टीत त्यांचे प्रयोग चालले होते तिला आग लागली. ती मुद्दाम लावली गेली असा संशय तेव्हापासून बोलला जातो, पण तो सिद्ध झालेला नाही. पुन्हा उभारणी झाली. दरम्यान ताकामिने यकृताच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि त्यांना शिकागोला हलवावे लागले. इकडे मक्तेदारीविरोधी वातावरणात ट्रस्टच डळमळू लागला आणि १८९५ साली त्याचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेला. कोजीची व्हिस्की तिथेच संपली.

(पिओरियाच्या नशिबात बुरशी मात्र होतीच. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर कसे वाढवावे याचा शोध याच गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत लागला आणि त्यासाठीची उत्तम बुरशी तिथल्याच बाजारात मिळालेल्या एका सडक्या खरबुजावर सापडली.)

व्हिस्की गेली तरी हाती एक गोष्ट उरली होती. कोंड्यावर वाढलेल्या बुरशीतले विकर पाण्यात उतरवायचे, ते पाणी आटवायचे, त्यात अल्कोहोल घालून साका पाडायचा आणि तो वाळवायचा. पायेन आणि पर्सो यांनी माल्टवर जे केले होते, जवळपास तेच बुरशीवर. मिळणारी भुकटी टिकाऊ होती, मोजून देता येत होती आणि तिची ताकद अचंबित करणारी होती. ती मद्याच्या भट्टीत नव्हे तर माणसाच्या पोटात वापरावी, ही कल्पना ताकामिने यांना सुचली. ५,२५,८२३ क्रमांकाचे पेटंट याच कृतीचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोजी पाश्चात्त्य विज्ञानाला अपरिचित नव्हती. हेर्मान आल्बुर्ग या जर्मन शिक्षकाने तोक्योत असताना १८७८ साली या बुरशीचे शास्त्रीय वर्णन करून तिला ‘युरोशियम ओरायझी’ म्हटले. ‘ॲस्परजिलस ओरायझी’ हे आजचे नाव फर्डिनंड कोन यांनी १८८४ मध्ये दिले. तोक्योतच शिकवणाऱ्या रॉबर्ट ॲटकिन्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८१ साली साके करण्याच्या रसायनशास्त्रावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यात कोजीतल्या विकराचा अभ्यास दिला. म्हणजे कोजी ही नवी गोष्ट आहे असा दावा कोणी केला असता, तर ते एक पुस्तक पुढे ठेवून तो खोडता आला असता.

ताकामिने यांनी तसा दावा केला नाही. त्यांच्या पेटंटांत ‘कोजी’ नाही, ‘ताका-कोजी’ आहे. बीजाणूंना जपानीत ‘मोयाशी’ म्हणत, तर यांचे ‘ताका-मोयाशी’. स्वतःच्या आडनावाचा पहिला तुकडा त्यांनी जुन्या शब्दांना जोडला. त्या जोडशब्दाने एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे परंपरा, पलीकडे कोंडा, अर्क, साका आणि भुकटी. बुरशीवर हक्क नाही, कृतीवर आहे. जपानमधल्या एकाही साकेवाल्याला आपले काम थांबवावे लागले नाही.

आपल्याकडच्या वाचकांना इथे हळदीची आठवण होईल. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले छापील पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट अमान्य ठरले. जखमेवर हळद लावणे ही घरोघरची माहिती होती. तिच्यात पेटंटधारकांनी नवीन कृती घातली नव्हती. ताकामिने यांनी घातली होती.

फरक इतका सरळ आहे का? पूर्णपणे नाही. भारतीय पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने असे कलम आले की जो शोध वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे त्याला पेटंट मिळणार नाही. या कसोटीवर ताका-कोजी टिकली नसती असे मला वाटते. तांदळाऐवजी कोंडा, एवढाच बदल कोणाही जाणकार कारागिराला सुचू शकतो, असा आक्षेप आला असता. विकराची भुकटी बहुधा टिकली असती. आणि पेटंटाच्या उत्पन्नातला एक पैसाही ज्यांनी ही बुरशी निवडून, जपून, शतकानुशतके माणसाळवून ठेवली त्यांच्याकडे गेला नाही, हेही खरे आहे. त्या काळी असा प्रश्न कोणी विचारतही नसे.

माणसाळवून हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. कोजीच्या बुरशीची जवळची नातलग म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस. ओलसर भुईमुगावर आणि मक्यावर वाढणारी आणि ॲफ्लाटॉक्सिन हे घातक विष करणारी बुरशी ती हीच. कोजीच्या बुरशीचा संपूर्ण जीनोम २००५ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केला. या विषाच्या जनुकांचे अवशेष तिच्यात आहेत, पण ती कामे करीत नाहीत. शिक्षकांना एक सूचना: नाचणीचा प्रयोग जरूर करावा, पण शिळ्या भातावर आलेल्या कुठल्याही हिरव्या-पिवळ्या बुरशीचा अर्क काढण्याचा उद्योग वर्गात करू नये.

ताकामिने यांच्या भुकटीचे नाव ‘ताका-डायस्टेज’ असे ठरले आणि डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ती अपचनावरचे औषध म्हणून बाजारात आणली. तिला चांगली मागणी आली. जपानमध्ये ती विकण्यासाठी जी मंडळी एकत्र आली, त्यांतून सांक्यो ही औषधकंपनी उभी राहिली आणि १९१३ साली ताकामिने तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या औषधाचा संचार किती घरोघरी होता याची खूण जपानी साहित्यात आहे. नात्सुमे सोसेकी यांच्या ‘मी एक मांजर आहे’ या कादंबरीतले पोटदुखे मास्तर ताका-डायस्टेज घेतात. घरचीच बुरशी अमेरिकेचे पेटंट आणि इंग्रजी नाव लेवून परत आली होती.

याच पैशांतून ताकामिने यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळा काढली आणि तिथे १९०० च्या उन्हाळ्यात अधिवृक्क ग्रंथीतल्या संप्रेरकाचे शुद्ध स्फटिक मिळाले. ते म्हणजे ॲड्रेनलिन. प्रत्यक्ष स्फटिक हाताने वेगळे करणारा सहायक होता केइझो उएनाका. त्याच्या प्रयोगवहीत त्याची नोंद आहे. १९०३ साली मिळालेल्या पेटंटावर मात्र एकच नाव आहे, जोकिची ताकामिने. जॉन एबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने आधीपासून याच पदार्थाचा पाठलाग केला होता आणि त्यांच्यातल्या वादाची शाई अजून पुरती वाळलेली नाही.

हे पेटंट कोर्टात गेले. शरीरातच असलेला पदार्थ कोणाचा शोध कसा असेल, हा प्रतिस्पर्धी मलफर्ड कंपनीचा मुद्दा होता. १९११ साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी पेटंट उचलून धरले. ग्रंथीच्या अर्कातून वेगळा काढल्यावर तो पदार्थ व्यापाराच्या आणि उपचाराच्या दृष्टीने नवीनच वस्तू होतो, असे त्यांचे म्हणणे. रसायनशास्त्राची प्राथमिक माहितीही नसलेल्या माणसाला असे खटले चालवावे लागतात, याबद्दल त्यांनी निकालपत्रातच खंत व्यक्त केली. या निकालाचा आधार घेत पुढे शंभर वर्षे निसर्गातल्या, पण शुद्ध केलेल्या, पदार्थांवर पेटंटे दिली गेली. आनंद चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूचा प्रसिद्ध खटला (१९८०) वेगळा होता. तो जिवाणू निसर्गात नव्हता, प्रयोगशाळेत घडवलेला होता. २०१३ साली स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून तो शोध होत नाही. ताकामिने यांचे विकराचे पेटंट कृतीचे होते. ते आजच्या या कसोटीला ॲड्रेनलिनपेक्षा अधिक धीटपणे सामोरे जाऊ शकले असते.

अमेरिकेत तेव्हा पेटंटाची मुदत सतरा वर्षांची असे. म्हणजे फार तर १९११ पर्यंत कृतीवरचा हक्क. त्यानंतर कोणीही कोंडा वाफवावा, बुरशी पेरावी, अर्क काढावा. कृती छापलेली होतीच, तेच तर पेटंटाचे मोल असते. ‘ताका-डायस्टेज’ हे व्यापारी नाव मात्र मालकांकडे राहिले, कारण नावाला अशी मुदत नसते. दुसऱ्या महायुद्धात मद्यार्काची मागणी वाढली तेव्हा आयोवातल्या लेलँड अंडरकॉफ्लर यांच्या गटाने कोंड्यावरची बुरशी माल्टऐवजी वापरण्याची कल्पना पुन्हा हाती घेतली. ताकामिने १९२२ साली वारले. न्यू जर्सीतल्या क्लिफ्टनची त्यांच्या नावाची प्रयोगशाळा १९५६ मध्ये माइल्स कंपनीने घेतली आणि विकरांचा धंदा तिथून पुढे वाढला. १९८८ साली नोवो या डॅनिश कंपनीने कपड्यांवरचे तेलकट डाग काढणारे ‘लायपोलेज’ बाजारात आणले. त्याचे जनुक एका वेगळ्या बुरशीचे, पण ते बसवून वाढवण्यासाठी निवडली गेली कोजीचीच बुरशी.

पण ताका-डायस्टेजचा सर्वांत अनपेक्षित उपयोग वेगळ्याच लोकांनी केला. ही भुकटी शुद्ध नव्हती. डायस्टेजबरोबर बुरशीने सोडलेली इतर अनेक विकरे तीत होती. पोटाला त्याचे काही वाटत नसे. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञांना मात्र ही दुकानात मिळणारी भुकटी म्हणजे खाणच वाटली. १९५७ मध्ये किमिको सातो आणि फुजिओ एगामी यांनी तिच्यातून आरएनएचे तुकडे करणारे एक विकर वेगळे केले. ते ग्वानीन या घटकापाशीच साखळी तोडते, इतरत्र नाही. त्याचे नाव रायबोन्यूक्लिएज टी-१. यातला टी ताका-डायस्टेजचा. १९६६ साली तादाहिको आंदो यांनी त्याच भुकटीतून एस-१ न्यूक्लिएज काढले. ते न्यूक्लिइक आम्लाची एकेरी साखळी कुरतडते आणि दुहेरी साखळीला सहसा हात लावत नाही. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत दोन्ही विकरे लहान कुप्यांतून, बर्फात ठेवून वापरली जातात. त्यांचे मूळ अपचनाच्या पुडीत आहे, हे वापरणाऱ्यांना क्वचितच माहीत असते. मलाही अनेक वर्षे नव्हते.

अमेरिकेत कॉर्नेल येथे रॉबर्ट हॉली यीस्टमधल्या एका लहान आरएनएची रचना उलगडत होते. साखळी लांब, आणि ती नेमक्या जागी तोडणारी कात्री हवी होती. त्यांनी दोन कात्र्या वापरल्या. एक गुरांच्या स्वादुपिंडातली, दुसरी टी-१. दोन्हींनी केलेले तुकडे एकमेकांवर जुळवत त्यांनी १९६५ साली ७७ घटकांची संपूर्ण क्रमवारी प्रसिद्ध केली. न्यूक्लिइक आम्लाची पूर्ण वाचली गेलेली ही पहिली साखळी. १९६८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हॉली यांना मिळाले, हरगोविंद खुराना आणि मार्शल नीरेनबर्ग यांच्यासह.